गच्चीवरची औषधी बाग, इंदूरच्या मातीत

प्रश्न थोडक्यात असा. घर इंदुरात, राजेंद्रनगर भागात. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बारा फुटांची उघडी गच्ची, खाली अंगणात भिंतीलगत चार फूट रुंद मातीचा पट्टा. घरात सत्तरीचे आजी-आजोबा आणि चार वर्षांचा नातू. गेल्या मार्चमध्ये नर्सरीतून दहा-बारा औषधी झाडं एकदम आणली. मेअखेर तुळस आणि कोरफड सोडून सगळी गेली आणि कोरफडही तपकिरी पडली. पुन्हा सुरुवात करायची आहे, तर काय लावावं, कशात आणि कधी?

दहा झाडं एकाच महिन्यात जातात तेव्हा कीड शोधत बसू नये. कीड एखाद-दुसरं झाड खाते. सगळी एकदम जातात ती हंगामामुळे, मातीमुळे किंवा पाण्यामुळे, आणि इथे तिन्ही एकत्र आलेले दिसतात. नवीन कुंडीत मुळं पसरायला रोपाला सहा ते आठ आठवडे लागतात. मार्चच्या मध्यात आणलेलं रोप जेमतेम रुजतंय तोवर पारा चाळिशीला टेकलेला असतो. वर दिवसभर तापलेला स्लॅब आणि खाली जुन्याच गोळ्यात अडकलेली मुळं, मग रोप तरी काय करणार?

तो गोळा नीट बघा. आपल्याकडे बहुतेक रोपं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, चिकण काळ्या किंवा पिवळ्या मातीत येतात. पिशवी फाडली की हातात घट्ट दंडगोल येतो, बाहेरून गुळगुळीत. हा गोळा तसाच उचलून भुसभुशीत कुंडीत बसवला की तो एकदा सुकून आकसतो आणि पुढे पाणीच घेत नाही. वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने वाहून तळातून बाहेर पडतं. कुंडी ओली दिसते आणि रोप तहानेने मरतं. उपाय सोपा आहे. पिशवीसकट रोप बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग पिशवी कापा, गोळ्याच्या कडा बोटांनी किंवा काट्याच्या चमच्याने अर्धा इंच खरवडा, तळाशी गोल गुंडाळलेली मुळं सोडवा किंवा कापून टाका आणि मगच लावा. एवढं केलं तरी निम्मी झाडं वाचतात.

केव्हा

मालव्यात, म्हणजे इंदूरच्या या पठारी भागात, पाऊस साधारण जूनच्या उत्तरार्धात येतो. पहिले दोन चांगले पाऊस झाले की तिथपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वात चांगला. हवेत दमटपणा असतो, ऊन बोथट असतं आणि छाटे न सुकता मूळ धरतात. दुसरी खिडकी फेब्रुवारीच्या मध्यापासून तीन आठवड्यांची, तीही फक्त ज्यांच्याकडे सावलीची जाळी आहे त्यांनी वापरावी. एप्रिल-मेमध्ये काहीही नवीन आणू नका, नर्सरीत कितीही हिरवंगार दिसलं तरी. ते झाड जाळीखाली, दिवसातून दोन वेळा पाणी पीत उभं असतं. तुमच्या गच्चीवर त्याला तो थाट मिळणार नाही.

काय लावावं

तुमच्या घरासाठी सहा झाडं: तुळस, गवती चहा, पानओवा, अडुळसा, गुळवेल आणि ब्राह्मी. कोरफड आहेच. हौस असेल तर दोन पिशव्या हळद. निवडीचा निकष एकच: घरात महिन्यातून दोनदा तरी लागतं का? सर्दी, खोकला, चहा, भाजणं, पोटात दुखणं ही घरातली कामं. त्यासाठी ही झाडं पुरतात.

अश्वगंधा आणि शतावरीचा मोह टाळा. अश्वगंधा मालव्याचीच आहे, नीमच-मंदसौरकडे शेतंच्या शेतं असतात आणि नीमचची मंडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण ते मुळाचं पीक आहे. ऑगस्टमध्ये बी टाकलं तर पाच-सहा महिन्यांनी झाड उपटायचं आणि एका कुंडीतून हाती येते चमचाभर पूड. शतावरीला तर दीड-दोन वर्षं थांबावं लागतं, शिवाय काटे. त्यात नर्सरीत शतावरी म्हणून शोभेचं अ‍ॅस्पॅरॅगस गळ्यात मारलं जाण्याची शक्यता भरपूर. ‘इन्सुलिनचं झाड’ हल्ली प्रत्येकाला हवं असतं. दिसायला सुंदर आहे, शोभेसाठी जरूर लावा, पण आजोबांची साखरेची गोळी त्यावर सोडू नका.

पारिजातक, निर्गुंडी, शेवगा ही जमिनीतली झाडं, कुंडीत रडतात. चार फुटांच्या पट्ट्यात शेवगा तर नकोच. तो भराभर वाढतो, लाकूड ठिसूळ असतं आणि वादळात फांद्या शेजाऱ्याच्या गाडीवर पडतात.

नावांचा गोंधळ

इंदूरच्या मराठी माणसाला प्रत्येक झाडाची दोन नावं माहीत असावी लागतात, कारण घरात आजी मराठीत मागते आणि नर्सरीवाला हिंदीत देतो. गुळवेल म्हणजे त्याची गिलोय, अडुळसा म्हणजे अडूसा, कोरफड म्हणजे ग्वारपाठा, पानओवा म्हणजे अजवाइन पत्ता, कढीलिंब म्हणजे मीठा नीम, पारिजातक म्हणजे हरसिंगार, शेवगा म्हणजे सुरजना. इथपर्यंत ठीक. पत्थरचट्टा मागितलं तर बहुतेक ठिकाणी पाणफुटी मिळते, काही ठिकाणी भलतंच. म्हणून नावावर जाऊ नका, पान बघा.

दोन ठिकाणी चूक महागात पडते. पहिली गुळवेल. खऱ्या गुळवेलीचं, टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचं, खोड हिरवट असतं, वरची साल पातळ कागदासारखी सुटते, पान हृदयाच्या आकाराचं आणि मऊ, फळं गोल, लाल, घोसात. तिचीच बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा हुबेहूब वाटते, पण तिच्या करड्या खोडावर ठळक गाठी-पुटकुळ्या असतात आणि कापल्यावर दुधी चीक येतो. आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये या दोन वेली वेगळ्या ओळखण्याबद्दल खुलासा काढला होता, कारण क्रिस्पा घेतल्याने अपाय होऊ शकतो. शंका असेल तर नखाने खोड खरवडा. खाली हिरवं दिसलं, चीक आला नाही, गाठी नाहीत, तरच घ्या.

दुसरी ब्राह्मी. एकाच नावाने दोन झाडं विकली जातात. एकाचं पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, जाडसर, रसरशीत, समोरासमोर, फुलं फिकट पांढरी-निळसर. ही नीरब्राह्मी, म्हणजे बकोपा. दुसऱ्याचं पान गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडा कातरलेल्या, लांब देठावर छत्रीसारखं. ही मंडूकपर्णी, मराठीत कारिवणा. दोन्ही औषधी आहेत, दोन्हींना पाणी आवडतं, पण वैद्यांनी एक सांगितली असेल तर दुसरी चालत नाही. विचारताना फोटो दाखवा.

माती, आणि इथे वेळ घालवा

मालव्याची काळी माती शेतात सोनं, कुंडीत फास. ती पाणी धरून फुगते आणि सुकली की आकसून भेगा पडतात. शेतात या भेगा खोल जातात आणि जमिनीला हवा मिळते. कुंडीत मात्र माती कडेपासून सुटते, मधोमध ढेकूळ होतं आणि पाणी कडेने पळतं. पावसाळ्यात उलटं: चिखल, आणि मुळांना हवा नाही. तळहातावर ओली काळी माती घेऊन सुरळी वळून बघा. करंगळीएवढी सुरळी न तुटता वळली तर ती माती एकटी कुंडीत घालायची नाही.

बारा इंची कुंडीसाठी मिश्रण असं. चाळलेली काळी माती एक भाग, जाड वाळू एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अर्धा भाग. प्रत्येक कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड. वाळू जाड म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढी. प्लास्टरची बारीक वाळू घातलीत तर ती काळ्या मातीच्या कणांत जाऊन बसते आणि उन्हाळ्यात कुंडीत वीट तयार होते. जाड वाळू मिळाली नाही तर जुन्या विटांचा चुरा चाळून घ्या, धूळ काढून टाका.

मिश्रण भरल्यावर तपासायची पद्धत: कुंडी एकदा भिजवून निथळू द्या, मग वरून एक लिटर पाणी ओता. मिनिटाभरात वरचं पाणी मुरून खालून निघायला लागलं तर ठीक. तीन-चार मिनिटं वर तळं साचून राहिलं तर आणखी वाळू मिसळा. हे रोप लावण्याआधी करा, नंतर सुधारता येत नाही.

तळाशी चार बोटं विटांचे तुकडे घालायची पद्धत घराघरांत आहे. त्याने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही, त्या थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ येतो आणि मातीची खोली कमी होते. छिद्रावर एक खापर पालथं ठेवा, बस. छिद्रं मात्र बोट जाईल एवढी हवीत. प्लॅस्टिकच्या कुंडीला तळाशी चार-पाच करून घ्या आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. त्याने पाणी निघतं, स्लॅबवर ओल राहत नाही आणि तापलेल्या फरशीचा चटका तळाला बसत नाही.

वजनाचाही विचार करा. बारा इंची भरलेली ओली कुंडी सुमारे पंचवीस किलोची होते. वीस कुंड्या म्हणजे अर्धा टन. त्या गच्चीच्या मधोमध न मांडता कडेने, खाली भिंत किंवा बीम आहे तिथे लावा.

खत घरीच करा. ओला कचरा वेगळा काढायची सवय इंदूरच्या घरांना आता सांगावी लागत नाही, तो गाडीत देण्याऐवजी निम्मा घरी ठेवायचा एवढंच. आणि कंपोस्टची शास्त्रशुद्ध पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते ती याच गावची. १९२४ मध्ये इथे स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली. त्याच जागी आज कृषी महाविद्यालय आहे. तत्त्व तेच घरच्या ड्रमात: सुका पाला दोन भाग, भाज्यांची सालं एक भाग, मध्ये मूठभर जुनं खत किंवा शेण, ओल पिळलेल्या फडक्याइतकी आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ. वास आला की समजा सुकं कमी पडलं. दोन-अडीच महिन्यांनी ते मातीसारखं काळं होतं. अर्धकच्चं खत कुंडीत घालू नका, ते कुंडीतच तापतं आणि बारीक माश्या सुटतात. तयार झालं का हे कळायला मूठभर ओलं खत पिशवीत बंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीचा वास यायला हवा, नाक मुरडायला लागलं तर अजून थांबा.

पाणी: तीन गट

सगळ्या कुंड्यांना सकाळी एक-एक तांब्या, ही शिस्त झाडं मारते. कुंड्यांचे तीन गट करा आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे घरात कोणीही पाणी घातलं तरी चुकणार नाही.

कोरडा गट: कोरफड आणि पानओवा. माती दोन इंच आतपर्यंत सुकल्याशिवाय पाणी नाही. कोरफडीला उन्हाळ्यात सात-आठ दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनी. मधला गट: तुळस, अडुळसा, गुळवेल, हळद. बोट पेरभर खुपसा, कोरडं लागलं तर पाणी. ओला गट: ब्राह्मी आणि गवती चहा. गवती चहाला उन्हाळ्यात रोज. ब्राह्मी तर कधीच सुकू द्यायची नाही.

मे महिन्यात दुपारी तीनला सगळी झाडं मान टाकतात आणि माणूस घाबरून बादली उचलतो. थांबा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. शब-ए-मालवा, मालव्याची रात्र, म्हणतात ते काही उगाच नाही, इथल्या रात्री उन्हाळ्यातही बऱ्यापैकी उतरतात आणि झाडं पहाटेपर्यंत सावरतात. म्हणून निर्णय सकाळी सहाला घ्या. सकाळीही पान लोंबतंय तर खरंच तहान आहे. दुपारच्या लोंबण्यावर पाणी घालत राहिलात तर मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही तसंच लोंबतं. मग आणखी पाणी, आणि कारभार आटोपतो.

नर्मदेचं नळाचं पाणी चांगलं. रात्रभर बादलीत ठेवून सकाळी घाला, म्हणजे क्लोरीन बरंच उडून जातं. बोअरिंगचं पाणी क्षारयुक्त असेल तर सहा महिन्यांत मातीवर पांढरी खपली येते आणि नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. हे लोहाची कमतरता. मातीत लोह असतं पण सामू (पीएच) वाढल्याने मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस, हे मातीत घाला, पानांवर नको. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. आणि पावसाळ्यात त्या कुंड्यांना आठवडाभर खुला पाऊस खाऊ द्या, क्षार धुऊन जातात. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात. त्याने फरशी पुसा. एसीचं पाणी चालतं.

एकेक झाड

तुळस. बी मोहरीहूनही बारीक, म्हणून चमचाभर वाळूत मिसळून पसरा आणि वर मातीचा नुसता हलका शिडकावा. आठ ते बारा दिवसांत उगवते. रोप पाच-सहा इंच झालं की शेंडा खुडा, खुडल्या जागी दोन फांद्या फुटतात. त्या चार बोटं झाल्या की त्यांचेही शेंडे. असं तीनदा केलं तर घुमटासारखी भरते. मंजिरी दिसताच काढा. बी धरायला लागली की झाड पानं सोडून देतं आणि लवकर म्हातारं होतं.

बहुतेक घरांत तुळस मरते ती पूजेने. वृंदावन अरुंद, रोज तांब्याभर पाणी, एकादशीला दूध, बुंध्याशी हळदकुंकू आणि पानांखाली दिवा. दुधाने मुंग्या येतात, मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण. दिव्याच्या धगीने एक बाजू करपते. पूजेची तुळस आणि औषधाची तुळस वेगवेगळ्या ठेवा. दिवा वीतभर लांब, पाणी पळीभर. रविवारी आणि द्वादशीला पानं न तोडायची रीत आजी पाळत असतील तर पाळू द्या, झाडालाही सुट्टी मिळते. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली जातात तेव्हा तुळस पानं टाकते. ती मेलेली नसते. खोड नखाने खरवडून आत हिरवं असेल तर पाणी निम्म्यावर आणा, रात्री जुनं सुती धोतर किंवा ओढणी पांघरा आणि फेब्रुवारीत हलकी छाटणी करा. तरीही दर दोन वर्षांनी नवं रोप तयार ठेवा.

अडुळसा. हा अंगणातल्या पट्ट्यात. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते, आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडत नाही. म्हणून खड्डा नको, वरंबा करा: नऊ इंच उंच, दोन फूट रुंद. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, तीन-चार डोळ्यांचे छाटे जुलैमध्ये घ्या, खालचे दोन डोळे मातीत, थोडे तिरके. महिनाभरात फुटतात. दोन झाडांत दोन फूट अंतर. बकऱ्या तोंड लावत नाहीत, कीड फारशी येत नाही. एकदा जम बसला की वर्षातून दोनदा छाटणं एवढंच काम. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्झिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून तयार केलेलं आहे, म्हणजे हा पाला नुसता भाबडा घरगुती नाही. गरोदर बाईला तो देऊ नये.

गुळवेल. अंगठ्याएवढ्या जाडीचा, दोन पेरांचा, वीतभर तुकडा. कापून दिवसभर सावलीत ठेवा म्हणजे जखम सुकते. मग खालची बाजू खालीच ठेवून लावा. उलटा लावला तर फुटायला महिनोन्‌महिने घेतो. ओळखू यावा म्हणून खालचं टोक तिरकं कापा, वरचं सरळ. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो. तिला चढायला तार किंवा ग्रिल द्या, पण विजेच्या तारेपासून आणि कढीलिंबापासून लांब; ज्यावर चढते त्याला झाकून टाकते. कडुलिंबावरची गुळवेल उत्तम मानतात. झाड असेल तर छानच, नसेल तर भिंतीवरचीही चालते. हिवाळ्यात पानं गळतात, घाबरू नका.

गवती चहा, इथे हरी चाय. शेजाऱ्यांकडून दोन-तीन फुटवे मुळासकट मागून घ्या, पानं सहा इंचांवर कापा आणि चौदा इंची कुंडीत लावा. तीन महिन्यांनी पहिली कापणी, जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून. त्याहून खाली कापलं तर कुजतं. दर दोन वर्षांनी गड्डा उपटून वाटून टाका, नाहीतर मधला भाग पोकळ होतो. पात धारदार असते, नातवाला ओढू देऊ नका.

ब्राह्मीला खोल कुंडी नको. सहा इंच खोल पसरट टब घ्या आणि छिद्र तळाला न करता बाजूला, तळापासून तीन इंचांवर करा. म्हणजे खाली कायम ओल राहते आणि पावसात टब भरूनही वाहत नाही. सकाळचं ऊन, दुपारी सावली. यात डास होतात ते उघड्या पाण्यात, म्हणून पाणी मातीच्या पातळीच्या वर ठेवायचं नाही.

पानओवा कुठलाही शेंडा खोचला की लागतो. जास्त पाण्याने बुंधा काळा पडतो, एवढंच लक्षात ठेवा. हळद जूनच्या सुरुवातीला, दोन डोळ्यांचा तुकडा, दोन इंच खोल, चौदा इंची पिशवीत तीन तुकडे. जानेवारी-फेब्रुवारीत पानं सुकली की काढा.

कोरफड तपकिरी पडली ती थेट उन्हाने. जाळीखाली आणली की दीड-दोन महिन्यांत हिरवी होते. कापायची तर बाहेरचं, सर्वात जुनं पान बुंध्यापासून कापा आणि वीस मिनिटं वाटीत उभं ठेवा. पिवळा चीक निथळतो. हा सुकवला की काळा बोळ, जुलाबाचं औषध. तो काढल्याशिवाय गर वापरू नये, आणि पोटात घ्यायचा तर वैद्यांना विचारूनच. भाजलं-करपलं तर वरून लावायला बिनधास्त.

उन्हाळ्याची तयारी

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी, सात फूट उंचीवर, पश्चिमेकडे उतार देऊन. फार खाली बांधली तर खाली वाफ कोंडते. काळ्या ग्रो-बॅगच्या भिंती तापून कडेची मुळं शिजतात, म्हणून त्यांच्याभोवती जुनं पोतं गुंडाळा किंवा त्या मातीच्या कुंड्यांच्या मागे ठेवा. सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवा. मातीवर दोन इंच सुका पाला. उन्हाळ्यात खत नाही, छाटणी नाही.

कीड

तुळशीची पानं वळून त्यावर काळे ठिपके, मागे बारीक काळे ढेकणे दिसले, किंवा कुठेही कापसासारखा पिठ्या ढेकूण आला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली पातळ साबण, नीट घुसळून, संध्याकाळी. दर सात दिवसांनी तीनदा. फवारल्यावर आठवडाभर पानं वापरायची नाहीत. रासायनिक कीटकनाशक इथे नकोच, ही पानं काढ्यात जाणार आहेत. त्याच कारणाने नर्सरीतून आणलेल्या झाडाची आहेत ती पानं खाऊ नका. तिथे काय फवारलंय ते सांगता येत नाही. महिना-दीड महिना थांबा, नवी फूट तेवढी वापरा.

घरातले लोक

चार वर्षांचं मूल आजीला पानं तोडून चघळताना बघतं आणि तेच करतं. म्हणून औषधी कुंड्यांच्या रांगेत कण्हेर, पिवळी बिट्टी, धोत्रा, रुई, गुंज यांपैकी काहीही ठेवू नका, आणि अंगणातही शक्यतो नको. सर्पगंधा घरी लावायचं झाड नव्हे, ते रक्तदाबावर परिणाम करतं. आजी-आजोबांना रक्त पातळ करणारी, साखरेची किंवा यकृताची औषधं चालू असतील तर गुळवेल, हळदीचे जास्त डोस, रोजचा काढा हे डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नये. चहात दोन पात्या किंवा चार तुळशीची पानं हा वेगळा मामला, तो स्वयंपाकघराचा भाग आहे.

काढणी आणि साठवण

पानं सकाळी दव उडाल्यावर, दहाच्या आत काढा. झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी नको. साठवायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दिवस चांगले. पावसाळ्यात वाळवायला घेतलेला पाला चार दिवसांत बुरशी धरतो. धुवा, झटका, सुती कापडावर एकेरी थर पसरा, पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत. ऊन लागलं की तुळशीचा वास उडतो आणि रंग काळपट होतो. चार ते सात दिवसांनी पान चुरगाळून बघा. कुरकुरून चुरा झाला तर तयार. वाकलं तर अजून एक दिवस, कारण तेवढ्या ओलाव्यानेही बाटलीच्या आत बाष्प धरतं. पानं अख्खीच भरा, चुरा वापरताना करा. काचेची कोरडी बाटली, झाकण घट्ट, वर झाडाचं नाव आणि तारीख. ही बाटली गॅसवरच्या फळीवर नको, आतल्या अंधाऱ्या कपाटात ठेवा. भरल्यावर तिसऱ्या दिवशी एकदा काच बघा. आत धुकं दिसलं तर सगळं पुन्हा कापडावर पसरा.